खार आयलाय

मनस्वी रोह्याची. भाताच्या आणि वालाच्या शेतांत वाढलेली, आता कॉलेजात मराठी शिकवणारी, आणि पीएचडीसाठी एकाच शब्दाच्या मागं लागलेली. शब्द होता खार. दोन वर्षं ती त्याचे अर्थ गोळा करत होती. संस्कृतातला क्षार, आणि त्याच्या मुळाशी क्षर्, म्हणजे पाझरणं, झिजून नाहीसं होणं. फारसीत खार म्हणजे काटा. तोच मनात रुतून मराठीत कुणावर तरी खार खाणं झाला. लोणच्याचा खार निराळा, झाडावरची खार निराळी. राहिली होती खाडीकाठची बोली. तेवढ्यासाठी ती पिठोरी अमावास्येच्या आदल्या दिवशी रेल्वेनं पेणला आली आणि रिक्षा करून काळुराम नावाच्या एका जाणत्या शेतकऱ्याच्या गावी गेली.

काळूकाका सत्तरीचे. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधावर त्यांची हयात गेली होती. ते तिला बांधावरून चालवत होते. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पोटरीत आलेलं भात. ती विचारत होती, ते सांगत होते. मध्येच ते थांबले.

आतल्या बाजूला, भाताच्या कडेला, चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, बाहेर पडल्या होत्या. भरदिवसा, पंधरा-वीस तरी. बांधाच्या पायथ्याशी ओल होती आणि तिच्यातून बारीक बुडबुडे येत होते. काका खाली उतरले, बोटभर चिखल उचलून जिभेला लावला आणि थुंकले.

"ही बांधाची रघूची बाजू," ते म्हणाले. "उद्या दुपारी उधाण. जा गो पोरी, रघूला सांग, तुझ्या अंगाला खार आयलाय. तेवढंच सांग. त्याला कळंल."

"तुम्हीच सांगा ना, काका."

"अकरा वर्सं झाली. मी त्याच्या दारात जायचा नाय."

रघू त्यांचा धाकटा सख्खा भाऊ. बांधातून पाणी सोडायची फळ्यांची दारं असतात, त्यांना उघाडी म्हणतात. रघूनं एकदा मासळीसाठी भरतीला उघाडी उघडी ठेवली आणि खाऱ्या पाण्यानं काकांचं सगळं भात जळालं. तेव्हापासून दोन घरांत शब्द नव्हता. वाटेत मनस्वीनं हे सगळं वहीत लिहिलं. एकाच शब्दात बांधातून झिरपणारं खारं पाणीही आणि वैरही. तिला अगदी घबाड सापडल्यासारखं वाटत होतं.

रघू अंगणात जाळं सांधत बसला होता. तिनं ओळख सांगितली आणि म्हणाली, "काळूकाकांचा निरोप आहे. तुझ्या अंगाला खार आलाय म्हणाले."

रघूचा हात थांबला. "अकरा वर्सं खार त्यो खातो, आणि आला माझ्या अंगाला?"

चिखलाचं, चिंबोऱ्यांचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण रघूचं ते वाक्य इतकं नेमकं होतं की तिनं आधी वही उघडली. "खार खातो, असंच म्हणता ना तुम्ही इथं?"

"व्हय, असंच." तो पुन्हा जाळ्याकडे वळला. "सांग त्याला, निरोप पोचला."

तिला परत न्यायला आलेला रिक्षावाला हॉर्न देत होता. जाताना काकांच्या दारी रिक्षा थांबवून तिनं 'निरोप पोचला' हे रघूचे शब्द जसेच्या तसे सांगितले. रात्री पेणला मैत्रिणीकडे तिला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली तेव्हा बारा वाजत आले होते. वारा पडलेला. बांधावर एरवी बसणारे बगळे दिसत नव्हते. काळूकाकांची बायको, बायजाबाई, चिखलाची पाटी घेऊन धावत होती. गावातली तरणी माणसं कोणी डोलवीच्या कारखान्यात शिफ्टवर, कोणी पेणच्या बाजारात. काका सकाळभर रघूची वाट बघत होते आणि एकटेच बांधाला आधाराच्या मेखा ठोकत होते.

खाडी बांधाच्या कडेपर्यंत फुगली होती, पण आवाज नव्हता. मग कापड फाटावं तसा आवाज झाला आणि बांध फुटून खांड पडली. काका कमरेइतक्या पाण्यात मेख धरून उभे होते. तेवढ्यात रघू फावडं घेऊन पळत येताना दिसला.

"दादा, सोड ती, वर ये," तो ओरडला.

काकांनी वळून पाहिलं. त्यांच्या पायाखालची माती तेव्हाच गेली.

तिसऱ्या दिवशी ते खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत सापडले. भात तोवर पिवळं पडलं होतं.

बाराव्याला मनस्वी गेली. रघू काकांच्या ओट्यावर बसला होता, डोकं भादरलेलं.

"नेमकं काय बोलला हुता त्यो?" त्यानं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. चिंबोऱ्या, बुडबुडे, जिभेला लावलेला चिखल.

"चाखून बघितलं हुतं त्यानं?"

"हो."

"हे तू मला नाय सांगितलंस."

"नाही."

तो रागावला नाही. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. बांधाकडून माणसांच्या हाका येत होत्या. खांड बुजवायचं काम चाललं होतं. रघू उठला, भिंतीला टेकवलेलं फावडं त्यानं खांद्यावर घेतलं.

"वहिनीला यातलं काय ठावं नाय," तो म्हणाला. "ती म्हणते, निरोप पोचून बी रघू आला नाय. आत हाय ती. जा, तिला तूच सांग."

तो बांधाकडे निघून गेला. मनस्वीनं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.