पक्की जागा

बर्गनच्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या खोलीत दर शुक्रवारी वाफल्स व्हायचे, आणि ते खाताखाता एकच खेळ रंगायचा: आता कुठल्या विमान कंपनीचं दिवाळं वाजणार? भिंतीवरच्या फळ्यावर ज्याने त्याने आपल्या अंदाजाचं नाव लिहायचं. ज्याचा अंदाज खरा ठरेल त्याला पुढे वाफल्स आयते.

गुनव्होरने कित्येक महिन्यांत वाफल्सचं पीठ कालवलं नव्हतं. ती आल्के नावाच्या छोट्या कंपनीच्या काउंटरवर सामान घ्यायची, पण नजर सगळ्या विमानतळावर. कुणाकडे कॉफीबरोबरचं बिस्किट लहान झालं, कुणाच्या साहेबांनी 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असं कळवलं, की ही बाई मान हलवायची आणि ती कंपनी गचकायचीच. तिच्याच कंपनीचा, शेजारच्या काउंटरवरचा ओड-आर्ने तिला म्हणायचा, तुझी जीभ काळी आहे, आपलं नाव तेवढं घेऊ नकोस. तसं ते कुणीच घ्यायचं नाही. स्वतःच्या कंपनीबद्दल अभद्र बोलायचं नाही, हा खेळाचा एकुलता एक नियम होता.

आल्केचं विमान समुद्र ओलांडून शेटलंड बेटांवर जायचं, तासाभरात. तिकडे सम्बराच्या विमानतळावर मॅग्नी होता, आगीच्या बंबावरचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, कमी बोलणारा, हातमोजे हरवणारा माणूस. गुनव्होर महिन्यातून दोनदा त्याच्याकडे जायची आणि रविवारी परत यायची. तो दर वेळी विचारायचा, राहतेस का आता? ती म्हणायची, पुढच्या उन्हाळ्यात बघू. विमान आहे की रोजचं, घाई कसली! असे किती उन्हाळे आले नि गेले. इकडे बर्गनच्या घरात एकटीने जेवताना मात्र त्याच्या स्वेटरच्या ओल्या लोकरीच्या वासासाठी तिचा जीव कासावीस व्हायचा. आता माणसाने स्वतःचं असं करावं का? पण करतात माणसं.

त्या वसंतात आल्केने भाड्याने घेतलेलं जादा विमान त्याच्या मालकाने परत नेलं. बिस्किट बंदच झालं. मग साहेबांनी कळवलं की अफवांवर विश्वास ठेवू नका. गुनव्होरने ते काउंटरवर उभ्याउभ्याच वाचलं आणि तिची मान आपोआप हलली. फळ्यावर तिने स्पेनकडच्या कुठल्याशा कंपनीचं नाव लिहिलं, आणि मॅग्नीला फोन करून सांगितलं की शुक्रवारी येते, बोलायचंय. काय बोलायचंय ते तिने सांगितलं नाही. हो म्हणायचं होतं तिला. ते त्याच्या समोर उभं राहून म्हणायचं होतं.

तिकीट काढायचा विचार तिच्या मनालाही शिवला नाही. विमान कंपनीच्या माणसाने पैसे देऊन विमानात बसायचं म्हणजे हलवायाने शेजारच्या दुकानातून पेढे आणायचे. या लोकांना फुकट बसायला मिळतं, पण जागा रिकामी असली तरच. तिकीटवाला आला की निमूट उठायचं. उठताना तोंड वाकडं करायचं नाही, ही त्यांची जुनी रीत.

शुक्रवारी एक जागा रिकामी होती. गुनव्होर बसली, पट्टा बांधला, मोठी बॅग विमानाच्या पोटात गेली होती. तेवढ्यात एक दाढीवाला माणूस धापा टाकत आला, हातात व्हायोलिनची पेटी. त्याचं आधीचं विमान उशिरा पोचलं होतं, भाचीचं बारसं होतं, तिकीट होतं. त्याला घेऊन आलेला ओड-आर्ने दारात थांबला आणि त्याने फक्त आत नजर टाकली. तो काही बोलायच्या आत गुनव्होरने पट्टा सोडला होता. बॅग उतरवायला वेळ नव्हता, ती तशीच पुढे गेली; सकाळचं विमान होतंच की.

सकाळी विमान नव्हतं. काउंटरवर पडदा ओढलेला, आणि सगळ्यांच्या फोनवर एकच निरोप: आल्केची उड्डाणं कायमची थांबली. लोक चिडले होते, कुणी रडत होतं. कर्मचाऱ्यांच्या खोलीत ओड-आर्नेने फळ्यावर तिने लिहिलेलं नाव पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

ती खोलीच्या कोपऱ्यात जाऊन मॅग्नीशी बोलली. तो म्हणाला, काल विमानतळाच्या दारापाशी उभा होतो, तुझी बॅग आली, तू आली नाहीस.

"उठवलं तुला?" त्याने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. कुणी खोटं ठरवलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "मीच उठले."



"मला वाटलंच," मॅग्नी म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "इतकी वर्षं तू माझ्याकडे येतेस, गुनव्होर, पण तुझी जागा कुणी दुसऱ्याने मागितली नाही तरच. मी विमानाला दोष द्यायचो. आता तेही नाही." मग म्हणाला, बॅग घरी नेऊन ठेवतो, आणि त्याने फोन ठेवला.

 इतरांच्या कंपन्यांची घरघर ओळखणाऱ्या बाईला आपल्या माणसाचा थकवा कधी ऐकू आला नव्हता. ती डोळे पुसत उठली आणि मोठ्या कंपनीच्या काउंटरवर रांगेत जाऊन उभी राहिली, साध्या प्रवाशांच्या. आता शेटलंडला जायचं तर तीन विमानं बदलायची, दिवस मोडायचा.

ओड-आर्ने मागोमाग आला. तिच्या कानाशी म्हणाला, "अगं, वेडी का काय? इथली पोरगी माझ्या ओळखीची आहे. फुकटात बसवेल, जागा असली की. तिकीट कशाला काढतेस?"

"कारण मला उठायचं नाहीये," गुनव्होर म्हणाली, आणि रांगेत एक पाऊल पुढे सरकली.