जिथे गरज असेल तिथे

पाळकसाहेबांनी मिशनच्या मुख्यालयाचे पत्र तिच्यापुढे सरकवले आणि ते खिडकीबाहेर पाहत राहिले. तिने ते दोनदा वाचले. तिचे राहते घर महिनाअखेर रिकामे करून द्यायचे होते. विक्रीची किंमत ठरवण्यासाठी मूल्यमापक आज दुपारीच येणार होता.

"मी तीन पत्रं लिहिली, ताई," ते म्हणाले. "तिन्हींना हेच उत्तर आलं."

इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करण्याच्या खोलीत तिची एकतीस वर्षे गेली होती. एवढ्याशा नजरचुकीने माणसाचा जीव जातो, हे तिला कुणी शिकवायला नको होते. आणि तरी ही चूक तिच्याच हातून झाली होती.

प्रार्थनामंदिरात जमणाऱ्या मंडळीच्या अर्पणाच्या पाकिटावर तीन चौकटी छापलेल्या असत: आपली मंडळी, आपला देश, आणि जगात जिथे गरज असेल तिथे. तिच्या घरून गेलेल्या प्रत्येक पाकिटावर खूण तिसऱ्या चौकटीत असे. बाबा सुतार. प्रार्थनामंदिरातली सगळी बाके त्यांनी केलेली. पहिल्या चौकटीत खूण करणे म्हणजे पंगतीत वाढायला उठून आपल्याच ताटात वाढून घेणे, असे ते म्हणत. दर तिमाहीला पडद्यावर दूरदेशीच्या शाळा आणि दवाखाने दाखवत, तेव्हा ते तिच्या कानाशी लागत, "ती तिसरी खिडकी आपली." यावर आई पुटपुटे, की परक्या मुलखात आपल्या इतक्या खिडक्या झाल्या, पण सुताराच्या न्हाणीला अजून दार नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी राहते घरच मिशनला बक्षीसपत्र करून दिले. पुढच्या दोन खोल्यांत मंडळीच्या लहान मुलांचा बालवर्ग भरावा आणि मागच्या खोलीत बापलेकीने अखेरपर्यंत राहावे, असे तेव्हाच्या पाळकांशी तोंडी ठरले होते. ते पाळक बदलून गेले आणि बोलणेही त्यांच्याबरोबर गेले. मागे राहिला कागद. त्यावरही त्याच तीन चौकटी होत्या. बाबांना सहीपलीकडे लिहिणे जमत नव्हते म्हणून मजकूर तिने भरला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, न वाचता, खूण तिसऱ्या चौकटीत केली. बाबांनी खाली सही केली.

"खूण माझ्या हातची आहे," ती म्हणाली. "माझी चूक म्हणून लिहून देते. हवं तर सगळ्या मंडळीसमोर उभी राहून सांगते."

"सही त्यांची आहे, ताई. तिसऱ्या चौकटीतलं सगळं जगभरच्या बांधकामांना जातं. त्याला हात लावायचा अधिकार इथे कुणालाच नाही."

तिने परिस्थिती पुन्हा एकदा सांगून पाहिली. बाबा दोन महिने खाटेला खिळलेले. तिच्या पगारात मिळणारी खोली तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. नाहीतर मग इस्पितळातला निराधारांचा कक्ष, जिथे माणसांना खाटेच्या क्रमांकाने हाक मारतात. तिने ती हाक रोज ऐकली होती.

"मग बाबा जाईपर्यंत तरी थांबायला सांगा," ती बोलून गेली.

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. "तेही लिहिलं होतं. किती दिवस, असं विचारलं त्यांनी."

घरी येऊन बाबांना सांगतो, असे ते म्हणाले. तिने नको म्हटले. ते तिलाच सांगायचे होते. पण घरी आल्यावर दूध पाजताना जमले नाही, चादर बदलतानाही जमले नाही. बाबा बालवर्गातल्या खुंट्यांबद्दल बोलत होते. मुलांच्या पिशव्यांसाठी त्या मोठ्या माणसाच्या कमरेइतक्याच उंचीवर ठोकाव्यात, वर ठोकल्या तर प्रत्येक पिशवी शिक्षिकेलाच अडकवावी लागेल, असे त्यांचे म्हणणे.

मूल्यमापक भिडस्त माणूस निघाला. मदतनीस आला नव्हता, म्हणून टेपचे दुसरे टोक तिलाच धरावे लागले. पुढच्या खोल्या मोजून दोघे मागच्या खोलीत आले.

"बालवर्गाची मापं ना?" बाबांनी खाटेवरून विचारले. "मधली खोली बारा फूट चार इंच. बघा, जुळतंय का."

जुळत होते. मूल्यमापकाने तिच्याकडे पाहिले. सांगू नका, अशी तिने हलकेच मान हलवली.

"किती मुलं बसतील हो?"

सकाळच्या पत्रातला एकच आकडा, घराच्या पैशातून परदेशात उभ्या राहणाऱ्या शाळेतल्या मुलांचा, तिच्या डोक्यात राहिला होता. वेळ मारून नेण्यासाठी तिने तोंड उघडले आणि तोच बाहेर पडला. "एकशेचाळीस, बाबा."

बाबा हसले. "अगं, या घरात? एकमेकांच्या खांद्यावर बसवलीत तरी चाळीस होतील."

मग हसू ओसरले. सारा जन्म मापात घालवलेल्या माणसाला अधिक सांगावे लागले नाही.

"म्हणजे इथे नाही."

"नाही."

"कुठे?"

तिने त्या देशाचे नाव सांगितले. बाबांनी ते म्हणून पाहिले. दोघांनाही ते नीट उच्चारता आले नाही.

"खूण मी केली," ती म्हणाली. "मी वाचलंच नाही, बाबा."

"वाचलं असतंस तर तिथेच केली असतीस?"

तिने नाही म्हटले.

"मीही नसती करू दिली," ते म्हणाले. असे बोलताना तिने त्यांना कधी ऐकले नव्हते. "कधी निघायचंय?"

"महिनाअखेर."

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांतून निघालेले पाणी कानाकडे ओघळले. टेप हातात असल्यामुळे तिला ते पुसता आले नाही. मूल्यमापक चाचरत म्हणाला, की ही खोली तो अंदाजाने लिहील.

"अंदाज कशाला?" बाबांनी डोळे उघडले. "खाट मधे ओढा. भिंतीला लागून आहे तोवर माप खरं येणार नाही. कमी भरलं तर त्या पोरांचंच नुकसान."

दोघांनी खाट बाबांसकट खोलीच्या मध्यावर ओढली. ती एका भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, मूल्यमापक समोरच्या. टेप मधोमध, बाबांच्या छातीवर, झोळ खाऊन टेकली. त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि दोन बोटांनी ती सरळ रेषेत उचलून धरली, आकडा लिहून होईपर्यंत.