जिवंत माणसाची गोष्ट

डायलिसिसच्या खोलीत खाटा आठ, मशीनं आठ आणि टीव्ही मात्र एकच. पाच नंबरच्या खाटेवर मोजणीकाका. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या म्हणून हे नाव पडलं. आता आठवड्यातून तीनदा सिस्टर त्यांचंच वजन मोजायची, डाव्या हाताला दोन सुया लावायची, आणि चार तास त्यांचं रक्त त्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर जाऊन, धुऊन निघून परत अंगात यायचं. पहिले दोन-तीन तास गप्पांत जात. शेवटच्या तासाला अंगात गारठा शिरे, ब्लँकेट हनुवटीपर्यंत चढे, आणि जाग नि झोप यांच्यामधली हद्द कुठे आहे ते काकांनाही सांगता येत नसे. नेमकी तेव्हाच, दुपारी दोनला, मालिका लागायची.

'एका खऱ्या कुटुंबात घडलेली गोष्ट' अशी पाटी सुरुवातीला येई. आईने मुलांना सांगितलेलं असतं की तुमचे वडील वारले. वडील असतात दोन गल्ल्या सोडून, घड्याळं दुरुस्त करत. मुलं रोज त्याच दुकानावरून शाळेत जातात.

"आईचं काय चुकलं?" सहा नंबरवरचा ड्रायव्हर म्हणायचा. बत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस. आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. "बाप दारुडा होता. पोरांना कशाला दाखवायचा?"

"दारुडा असो नाहीतर देवमाणूस, जिवंत आहे ना?" चार नंबरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई चष्मा सावरत म्हणत. "मुलांना कळायलाच हवं."

"बाई, पुढच्या जन्मी वकील व्हा तुम्ही."

"आणि तुम्ही जरा हळू बोला. दोन गल्ल्यांवर त्या बापाला ऐकू जाईल."

काकांच्या उशाशी स्टुलावर त्यांची बहीण बसलेली असे. साठी उलटली तरी घरात ती बेबीच. काकू गेल्यापासून तीच त्यांना आणायची, पाण्याचे घोट मोजून द्यायची. त्या दिवशी ती तावातावाने बाईंच्या बाजूने उठली. "जिवंत माणसाला मेला म्हणून सांगायचं? जीभ कशी झडली नाही हिची, दादा?"

काकांनी डोळे मिटले. मशीनची घरघर लांब गेली आणि पाण्यासारखी वाहू लागली. पाणी नदीचंच होतं. काठावर बाळ्याच्या चपला, शेजारी शेजारी, शहाण्या मुलासारख्या काढून ठेवलेल्या. त्यांची आई पाण्याकडे बघत उभी होती आणि काही केल्या मागे वळत नव्हती. काका तिला हाका मारत होते, सांगत होते, पण तोंडातून शब्दाऐवजी नुसती वाफ निघत होती. मग कुठूनतरी त्यांना आपलाच आवाज ऐकू आला.

"बेबी, बाळ्या बुडला नव्हता गं."

हे आपण स्वप्नात बोललो की खोलीत, ते त्यांना कळेना. डोळे उघडले तर बेबी त्यांच्याकडे बघत होती. ड्रायव्हर बघत होता. बाईही.

"सिस्टर," बेबी म्हणाली, "याचं बीपी बघा हो. बरळतोय हा."

सिस्टरने बघितलं. बीपी अगदी ठीक होतं.

मग काकांनी सगळं सांगून टाकलं. मधला भाऊ, बाळ्या, वडिलांच्या माराला कंटाळून एकोणिसाव्या वर्षी नदीकाठी चपला ठेवून घर सोडून गेला. पोहायला गेला नि बुडाला, असंच सगळ्यांनी धरलं. तीन महिन्यांनी काकांच्या ऑफिसवर त्याचं पत्र आलं. मी बरा आहे, घरी सांगशील तर पुन्हा लिहिणार नाही. काका तेव्हा पंचवीसेक वर्षांचे. त्यांनी शब्द पाळला. वर्षाकाठी एक पत्र येत राहिलं, पुढे फोन. "वडील गेल्यावर सांगणार होतो. पण आज सांगावं तर काल का नाही सांगितलं, हा प्रश्न येणार. रोज एक काल वाढत गेला. आणि मग आईच गेली."

बेबी उठली, पर्स घेतली आणि चालू लागली. टीव्हीवर साबणाची जाहिरात चालू होती.

पुढच्या वेळी काका एकटेच टॅक्सीने आले. दोन वाजता मालिका लागली, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

"मी त्या मालिकेतल्या आईला काय काय बोलले तुमच्यासमोर," बाई पुटपुटल्या.

"खरंच बोललात," काका म्हणाले.

ड्रायव्हर छताकडे बघत पडला होता. "मालिकेत बरं असतं," तो म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात. "बाजू घेऊन मोकळं होता येतं."

त्यानंतरच्या खेपेला, दोनच्या सुमाराला, बेबी आली. डोळे सुजलेले. स्टुलावर बसली आणि तिने हात पुढे केला. "फोन दे. नंबर लावून दे."

मालिकेचं गाणं सुरू झालं होतं. बाईंनी सिस्टरला खूण केली. सिस्टरने टीव्हीचा आवाज बंद केला. आठ मशीनं तेवढी चालू राहिली.

"हॅलो, दादा?" पलीकडचा आवाज म्हातारा होता.

"दादा नाही. बेबी."

तिने फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

"माझा निळा स्वेटर तू नेलास ना रे?" बेबीचा आवाज बारा वर्षांच्या मुलीचा झाला होता. "मी सांगत होते सगळ्यांना. पोहायला कुणी स्वेटर घालून जातं का? बेबीला काय कळतं म्हणाले. मग मलाही वाटलं, मला काय कळतं."

"थंडी फार होती गं," पलीकडून आलं.

बेबी रडली, हसली, मग त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली. अर्धा तास झाला. काकांचे चार तास भरले. सिस्टरने सुया काढल्या आणि कापसाचा बोळा त्यांना दाबून धरायला लावला.

"थांब, दादाशी बोल," बेबी म्हणाली. आणि फोनवर हात ठेवून काकांना, "मी तुला माफ केलेलं नाही अजून."

"बरं."

त्यांचे दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून तिनेच फोन त्यांच्या कानाशी धरला.

"सांगितलंस होय शेवटी?" बाळ्या म्हणाला.

"सांगितलं."

"मी वाट बघत होतो रे दादा. कधीपासून."

आपणही वाटच बघत होतो, एवढंच काकांच्या मनात आलं. पडद्याआडून दुपारचं ऊन पांघरुणावर उतरलं होतं, आणि बेबीचा हात दुखू लागला तरी तिने फोन खाली घेतला नाही.