हेल्मेटवाली मावशी

"अरे दादा, डोक्यावरचं काड ना जरा. थोबाड तरी बघू दे!"

विठाने हातात झारा तसाच धरून हाक मारली, तसे मोटारसायकलींवरचे तिघेही हसत सुटले. "बघ, बोललो ना, हीच ती हेल्मेटवाली मावशी!" म्हणत एकाने व्हिडिओ काढायला फोन पुढे केला आणि तिघांनी हेल्मेटं काढली. विठाने तिन्ही चेहरे नीट न्याहाळले आणि ती पुन्हा कढईकडे वळली. त्यांतला कोणीच तो नव्हता.

वांगणीच्या पुढे, धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची भज्यांची टपरी. पावसाळी रविवारी बदलापूर, अंबरनाथहून गाड्यांची रीघ लागते. हिरवागार डोंगर, भरलेला ओढा, आणि मावशी अशी मायाळू की नुसती वाट विचारली तरी हातावर काकडी ठेवील. पोरांना वाटे, हिला गंमत करायची सवयच आहे. गंमत कसली डोंबलाची! ती वर्षभर एकाच माणसाला शोधत होती.

तो गेल्या श्रावणात आला होता. उल्हासनगरचा, लाल गाडीवाला. विठाचा नवरा धर्मराज तेव्हा बाकावर बसलेला. आनंदनगरच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली त्याचं बोट गेलं, पाठोपाठ नोकरी गेली, आणि त्यानंतर या माणसाने दात म्हणून दाखवले नव्हते. तो गाडीकडे टक लावून बघतोय हे पाहून पोरगा म्हणाला, "काका, बसा मागे. एक राउंड मारू."

वरच्या वळणापर्यंत जाऊन दोघे परत आले तेव्हा धर्मराज हसत होता. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता. पोराने लगेच मित्राला फोटो काढायला लावला. "पुढच्या रविवारी घेऊन येतो मावशी," म्हणाला आणि गेला तो गेलाच.

गणपती गेले आणि त्यांच्यामागोमाग धर्मराजही छातीत कळ येऊन गेला. भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात तो चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. विठाला हसरा चेहरा हवा होता. अलीकडे डोळे मिटले तरी तो आठवेना, याची तिला फार भीती वाटे. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं.

पुढच्याच रविवारी लाल गाडी थांबली. हेल्मेट न सांगताच निघालं.

"मावशी, ओळखलं का? सुयोग. तुमचा व्हिडिओ बघितला, म्हटलं चलो, भेटून येऊ. काका कुठायत?"

"काका गेले रं बाबा." विठाने झारा कढईवर आडवा ठेवला. "तो फोटू हाय ना तुज्याकडं? यांचा, हसतानाचा?"

सुयोगचा चेहरा उतरला. "आहे मावशी, आहे. थांबा." तो घाईघाईने फोनवर बोट फिरवू लागला. विठा पदराला हात पुसून देवापुढे उभं राहावं तशी उभी राहिली.

फोटो सापडला. लाल गाडी, मागे डोंगर, सुयोग, शेजारी विठा. आणि अगदी कडेला, चहाचा ग्लास धरलेला चार बोटांचा एक हात.

"दुसरा नाय?"

"एकच आहे, मावशी. सॉरी. काका कसे काय कटले, समझ में नहीं आया."

विठाला मात्र समजलं. धर्मराज गाडीला टेकून हसत उभा होता आणि तिनेच त्याला म्हटलं होतं, "अवं, सरका की जरा बाजूला! पोराची गाडी दिसू द्या." आणि तो हसत हसतच सरकला होता.

"मीच मेलीनं सरकवलं यांना," ती म्हणाली आणि तिथेच बाकावर बसली. कढईतली भजी करपली.

त्यानंतरच्या रविवारीही गाड्या आल्या. मावशी कधी ओरडते याची वाट बघत एक पोरगी मुद्दाम हेल्मेट घालूनच उभी राहिली.

"मावशी, काढू ना हेल्मेट?"

"असू दे बाय. भजी किती टाकू?"

पोरगी हिरमुसली. "मग तुमच्यासोबत एक फोटो तरी?"

"फोटू काड की," विठा म्हणाली आणि झारा घेऊन टपरीच्या मागच्या कुडाशी जाऊन उभी राहिली. "मी सरकते. गाडी दिसू दे."