सवतीची शेवटची फेरी

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून ऐकाल तर अर्धी गोष्ट भिंतच ऐकेल. आभाळातले एक रिकामे घर खाली येत होते, त्या दुपारची गोष्ट सांगते.

घर म्हणजे अंतराळस्थानक. त्यातली माणसे केव्हाच उतरून आली होती, दार ओढून घेऊन. आमचे अण्णा जमिनीवरच्या केंद्रात रेडिओवर बसत. एकतीस वर्षे त्यांनी त्या स्थानकाचा आवाज कानात भरून घेतला. पुढे केंद्र बंद झाले, अण्णा निवृत्त झाले. आवाज मात्र थांबला नाही. आतल्या बॅटऱ्या मेल्या होत्या, तरी त्याच्या सौर पंखांवर ऊन पडले की एक लहानसे यंत्र जागे व्हायचे आणि टीं-टीं करायचे. अण्णांनी गच्चीवरच्या खोलीत जुना सेट मांडला. स्थानक डोक्यावरून जायची वेळ झाली की ते ताटावरून उठून वर पळत.

"चालले सवतीकडे," आई म्हणायची. "जेवण गार झालं तरी चालेल, सवत रुसता कामा नये."

त्या दिवशी बातमी आली की आता दोन-तीन प्रदक्षिणांतच स्थानक पडणार. कुठे, ते कुणालाच सांगता येत नव्हते. त्याला वळवणारे काही शिल्लकच नव्हते. आमच्या छपरावरून शेवटची फेरी चार वाजून दहा मिनिटांनी होती. ऐकू येणार जेमतेम चार मिनिटे.

शेजारचे काका खालून ओरडले, "अण्णा, तुमच्या बाईला सांगा, आमच्या टाकीवर नको उतरू! कालच धुतलीय!"

अण्णा हसले नाहीत. चारलाच हेडफोन चढवून बसले. आई आणि मी वाळलेले कपडे काढत होतो. चार-दहा झाले आणि अण्णा मान डोलवू लागले.

"लागली का?" आईने दारातून मोठ्याने विचारले.

"लागली. छान येतेय."

"खोटं बोलू नका."

मान थांबली.

"मागच्या महिन्यात झाडताना सेटची वायर निघाली होती माझ्याकडून. तीन दिवस तुम्ही असेच डोलत होतात."

मला यातले काही ठाऊक नव्हते. अण्णांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "वर्ष झालं," ते म्हणाले. "बारीक आवाज मला ऐकूच येत नाही गं. सांगितलं असतं, तर इथे बसायला कारण काय उरलं असतं?"

"एक मिनिट गेलं," मी म्हणाले.

आईने त्या सेटला फडक्याशिवाय कधी हात लावला नव्हता. हातातला टॉवेल तिने माझ्या अंगावर टाकला, अंबाडा सारखा करून हेडफोन चढवला आणि डोळे मिटले.

"नुसती खरखर आहे... थांबा... आहे! अहो, आहे!"

तिने अण्णांचा हात ओढून घेतला आणि मनगटावर बोटाने ठोके द्यायला लागली. जपाचा मणी ओढावा तसा एकेक ठोका, सावकाश. मध्येच बोट थबकले.

"गेली?" अण्णांनी विचारले.

"गप्प झाली."

"गिरक्या घेतेय. उन्हाकडे पाठ झाली की गप्प होते. तोंड फिरवेल बघ."

बोट पुन्हा हलले. अण्णांनी डोळे मिटले आणि त्या बोटाबरोबर स्वतःच टीं, टीं म्हणू लागले, अगदी नेमक्या पट्टीत. मग ठोके विरळ झाले. चार-चौदाला बोट थांबले, ते पुन्हा हलले नाही.

"दमलीय हो," आई म्हणाली.

अण्णा खिडकीकडे बघत राहिले. "जा बाई," ते पुटपुटले. "जा आता."

"जा काय म्हणता?" हेडफोन कानावर असल्याने आई जवळजवळ ओरडलीच. "निघालेल्याला कुणी जा म्हणतं का? ये म्हणावं."

अण्णांनी खिडकीकडे हात हलवला. "ये," म्हणाले.

स्थानक दूर कुठल्याशा समुद्रात पडले. कुणाला खरचटलेही नाही. बातमी आली तेव्हाही आईचे बोट अण्णांच्या मनगटावरच होते. कपडे मीच खाली नेले.

अण्णांचे नाव केंद्राच्या जुन्या कागदांत कुठेतरी सापडेल. आईचे कुठेच नाही. म्हणून देवापुढे हात जोडाल तेव्हा माझ्या आईला आठवा. एवढेच मागणे आहे.