डावखुऱ्याची पाठ

लाइनमन म्हटलं की टोलेडोतल्या निम्म्या लोकांना विजेच्या खांबावर चढणारा माणूस आठवतो. माझी आत्या तर शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगायची, आमचा लेन वीज कंपनीत आहे. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. कामात तसा फारसा फरकही नाही. झटका आपण खायचा आणि उजेड दुसऱ्याच्या घरात पडायचा.

मी स्वतः अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनमन म्हणून खेळलो आणि गुडघे कामातून गेल्यावर लाइनमन घडवायला लागलो. पाच धिप्पाड माणसं क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत करून उभी राहतात. त्याला चेंडू फेकायला उसंत मिळावी, समोरच्यांनी त्याला जमिनीवर आपटू नये, एवढंच त्यांचं काम. ते नीट झालं तर कोणाला काही दिसत नाही. स्टेडियमच्या भोंग्यावर त्यांचं नाव येतं ते फक्त चूक झाली की. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माणूस कंटाळतो, तसा मी कंटाळलेलो आहे. त्यामुळे माझ्या सांगण्यात गोडवा शोधू नका.

आमचा क्वार्टरबॅक टेविन रकर. अलाबामाचा मुलगा, मोठ्यांशी अदबीने बोलणारा आणि डावखुरा. डावखुरा हे महत्त्वाचं. उजव्या हाताने फेकणारा चेंडू घेऊन मागे सरकतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे वळते आणि तिकडून येणारा त्याला दिसत नाही. म्हणून भिंतीच्या डाव्या टोकाचा लाइनमन सगळ्यात मानाचा. जगातले बहुतेक फेकणारे उजवे, त्यामुळे सगळा खेळच तसा मांडलेला. उजव्या टोकाला मग उरेल तो उभा करतात. टेविनची पाठ मात्र उजवीकडे, आणि तिथे आमच्याकडे होता डर्विन कोल. भला माणूस, पण त्याचे पाय त्याच्या आधी म्हातारे झाले होते.

डिसेंबरात एका सामन्यात डर्विनला चकवून समोरचा गडी आत घुसला आणि टेविनच्या पाठीवर आदळला, तसं त्याचं डोकं जमिनीवर आपटलं. टेविन बराच वेळ उठला नाही. उठला तो सरळ दुसऱ्या संघाच्या बाकाकडे चालायला लागला. मी त्याला दंडाला धरून परत आणला. त्याने विचारलं, कोण जिंकतंय. मी सांगितलं. त्याने पुन्हा तेच विचारलं.

ईस्टरच्या आधी, मटण वर्ज्य पण मासा चालतो अशा उपासाच्या एका शुक्रवारी तो बायको रेनिता आणि पोरीला घरी ठेवून आमच्या घरी जेवायला आला. माझी बायको बर्निस तळ्यातला पर्च मासा तळत होती.

"कोच, एक विचारू?"

"विचार. पण मासा गार करू नकोस, ती बघतेय."

"यंदा माझ्या पाठीशी कोण असणार?"

मी काट्याने बटाटा उगाच इकडून तिकडे ढकलला.

"डॉक्टर म्हणतात, खेळ," तो म्हणाला. "पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. परवा पोरीला शाळेतून आणायला निघालो आणि चौकात गाडी उभी करून बसलो. शाळा कुठल्या रस्त्याला, तेच आठवेना."

"मग सोड की बाबा," बर्निस चुलीपासूनच म्हणाली. "काय अडलंय?"

"सोडवत नाही, मिस बर्निस. दुसरं येतंय काय मला?" मग तो माझ्याकडे वळला. "मी रेनिताला शब्द दिलाय. ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत माझ्या बाजूचा माणूस घेतला, तर समजायचं यांना मी धडधाकट हवाय. मग खेळेन. नाही घेतला, तर घरी बसेन. पण हे वर कोणाला बोलू नका, कोच. बोललात तर धमकी वाटेल."

बर्निसने कढईखालचा गॅस बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बघतो काय करता येतं.

ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी. कॉलेजातली पोरं एकेक संघ पाळीपाळीने उचलतो, आणि जो जास्त हरला त्याची पाळी आधी. आम्ही भरपूर हरलो होतो, त्यामुळे आमची पाळी चांगलीच लवकर येणार होती. उचलायचा कोणाला हे ठरवणार जनरल मॅनेजर कोर्टलंड हेस, आणि मान डोलावणार मालकीणबाई मिसेस प्रुइट. हेसच्या डोक्यात फ्लोरिडाचा एक झेल घेणारा पोरगा बसला होता. वाऱ्यासारखा पळायचा.

"लवकरची पाळी लाइनमनवर घालवायची?" हेस म्हणाला. "लेन, लाइनमनचा शर्ट विकत घेतं कोण?"

"त्याची आई."

"बरोबर. एकटी आई. या पोराचे शर्ट सगळं ओहायो घेईल."

"आणि त्याच्याकडे चेंडू फेकणार कोण? टेविन आडवा पडल्यावर तूच फेकणार का?"

मला हवा होता एझ्रा क्रेट्शमर. आयोवाचा, शेतावर वाढलेला, शाळेपासून उजव्या टोकालाच उभा राहिलेला. त्याचं कारण एवढंच की डावं टोक तिथल्या प्रशिक्षकाच्या मुलाला दिलेलं होतं. मी त्याला भेटलो तेव्हा त्याने इतर पोरांसारखं शहर कसं आहे, घर कुठे मिळेल, असलं काही विचारलं नाही. त्याने विचारलं, "रकर दबाव आला की मागे सरकतो का पुढे पाऊल टाकतो?" मी तिथेच विरघळलो.

हेसचं म्हणणं, उजव्या टोकाचा माणूस इतक्या लवकर कोणी घेत नाही, लोक हसतील, दुसऱ्या फेरीत बघू. सगळा मार्च आणि एप्रिल आम्ही दोघं त्याच दळणात. बोलून बोलून माझा घसा बसला. घरी गेलं की बर्निस विचारायची, "काय म्हणतोय तो?" आणि मी बूटही न काढता खुर्चीत बसून राहायचो.

एकदा मिसेस प्रुइट स्वतः माझ्या खोलीत आल्या. नवरा गेल्यापासून संघ त्याच चालवत होत्या. माणूस प्रेमळ, खेळ मात्र वरच्या काचेच्या कक्षातून बघितलेला.

"लेन, मला सोप्या भाषेत सांगा. लाइनमन घेतला तर मला मैदानावर काय दिसेल?"

"काहीच नाही, बाईसाहेब."

"मग इतक्या लवकर काहीच नाही घ्यायचं?"

मी उठलो. डिसेंबरातला तो प्रसंग पडद्यावर लावला. टेविन पडतो, उठतो, भलत्याच बाकाकडे चालायला लागतो. बाईंनी तोंडावर हात धरला. "पुरे," म्हणाल्या. "बंद करा ते." जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "मी कोर्टलंडशी बोलते."

ड्राफ्टच्या संध्याकाळी आम्ही सगळे मोठ्या खोलीत बसलो होतो. आमची पाळी आली. फ्लोरिडाचा पोरगा अजून शिल्लक होता. क्रेट्शमरही होता. हेस बाईंच्या कानाशी लागला, बाईंनी मान डोलावली, हेसने पलीकडच्या टोकाला फोन उचलून न्यूयॉर्कला लीगच्या कचेरीत नाव कळवलं आणि खोलीभर ओरडला, "घ्या! लाइनमन! लेन, जिंकलास रे म्हाताऱ्या!"

माझ्या पाठीत कोणी कोणी धपाटे घातले. मी गर्दीतून कसाबसा बाहेर व्हरांड्यात आलो आणि टेविनला फोन लावला.

"झालं," मी म्हणालो. "पहिल्याच फेरीत. लाइनमन."

"रेनिता!" तो आतल्या खोलीकडे ओरडला. मग माझ्याशी हळू आवाजात, "तो आयोवाचा ना, कोच?"

व्हरांड्यातल्या टीव्हीवर सूटबूटवाला माणूस चिठ्ठी घेऊन मंचावर आला. टोलेडो निवडत आहे, म्हणाला, चान्स वेदरली, लेफ्ट टॅकल. लोक टाळ्या वाजवायला लागले. लेफ्ट टॅकल म्हणजे भिंतीचं डावं टोक.

टेविनच्या घरीही टीव्ही चालू होता. "कोच," तो म्हणाला, "हा डावीकडचा ना?"

"फोन ठेवू नकोस," मी म्हणालो, आणि फोन हातात तसाच धरून आत गेलो.

हेस सगळ्यांना मिठ्या मारत होता. मी त्याची बाही धरली. "हेस, हा डाव्या टोकाचा आहे."

"अर्थात डाव्या टोकाचा! यंदाचा सगळ्यात भारी. लवकर घ्यायचा तर डावाच घेतात, लेन. सगळे तेच करतात."

"आपला क्वार्टरबॅक डावखुरा आहे."

हेसच्या मिठ्या थांबल्या. मिसेस प्रुइट माझ्याकडे बघून म्हणाल्या, "टेविन डावखुरा आहे? पण माझ्याशी हात मिळवताना तो नेहमी उजवाच पुढे करतो."

मला त्यांचा रागही आला नाही. राग यायलासुद्धा अंगात थोडं बळ लागतं.

हेसचा चेहरा पडला होता, पण सावरायला त्याला वेळ लागला नाही. "त्यात काय? उजवीकडे उभा कर त्याला. तुझ्या डाव्या हाताचा मळ आहे, लेन."

"त्या पोराचा पाय, हात, कंबर, सगळं एका बाजूला शिकलंय. उद्यापासून तू दाढी डाव्या हाताने करून बघ. आणि समोर वस्तरा घेऊन दुसरा माणूस तुझ्याच अंगावर धावतोय, असं समज."

"ऑगस्टपर्यंत शिकव. आणि टेविनला सांग, ऑगस्टपर्यंत होईल म्हणून. तुझं ऐकतो तो."

"क्रेट्शमरला घ्यायचा होता."

"दुसऱ्या फेरीत उरला तर घेऊ की."

हे तो म्हणतोय तोवर पडद्यावर क्रेट्शमरचं नाव आलं. आमच्या लगेच नंतरच्या पाळीवाल्यांनी उचलला. ते काही हसले नाहीत.

मी पुन्हा व्हरांड्यात आलो. फोन चालूच होता. टेविनने सगळं ऐकलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

"कोच, तुम्ही भांडलात, ते माहितीये मला," तो म्हणाला. "एकच सांगा. तुम्ही शिकवलंत तर शिकेल तो उजवीकडे? तुम्ही हो म्हणालात तर मी येतो. रेनिताला मी समजावीन."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. तो आला असता. हेस खूश झाला असता, माझी नोकरी पक्की झाली असती, आणि खरं सांगतो, टेविनलाही तेच ऐकायचं होतं. आवाजातूनच कळत होतं. त्याला सोडून मैदानावर उभं राहायची कल्पना मला स्वतःला सहन होत नव्हती.

"शिकेल," मी म्हणालो. "पण यंदा नाही. यंदा तो अर्धं पाऊल उशिरा पोचेल."

"अर्धंच?"

"डिसेंबरात डर्विनलाही अर्धंच पाऊल उशीर झाला होता, बाळा."

पलीकडे नाक शिंकरल्याचा आवाज आला. "थँक यू, सर," तो म्हणाला. आणि त्याने फोन ठेवला.

मी तिथल्या बाकावर बसलो. दोन महिने जिवाचं रान केलं होतं त्याने खेळावं म्हणून. आणि आता तो खेळणार नाही म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. बर्निसला जे त्या शुक्रवारीच कळलं होतं ते मला एवढं भांडून कळलं. मला रडू आलं, तर मी रडलो. आत लोक नव्या पोराला फोनवर शुभेच्छा देत होते.

टेविनने आठवड्याभरात निवृत्ती जाहीर केली. हेसने घाईघाईने डेन्व्हरहून एक क्वार्टरबॅक आणला. उजवा. वेदरली आपल्या डाव्या टोकाला, आपल्या जागी, आपल्या सवयीने उभा राहिला, आणि खोटं कशाला बोलू, पोरगा भिंत निघाला. भिंत. नव्या क्वार्टरबॅकच्या पाठीला धूळ लागली नाही. आम्ही जिंकायला लागलो. पेपरात हेसचा फोटो आला. सगळे झेल घेणाऱ्यांमागे धावत असताना या माणसाने शांत डोक्याने लाइनमन उचलला, काय ही दूरदृष्टी, असं काही बाही छापलं होतं.

ऑक्टोबरात एक सामना जिंकल्यावर हेस माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तुझंच खरं होतं, लेन. लाइनमन लवकरच घ्यायला हवा."

मी हो म्हणालो. भांडायला अंगात त्राण नव्हतं, आणि वाक्य तर माझंच होतं.

घरी येऊन मी टेविनला फोन केला. रविवार होता, त्याच्याकडे माणसांचा गलका चालू होता, कोणीतरी कोंबडी भाजत होतं.

"सामना बघितलास का रे?" मी विचारलं.

"कुठला सामना, कोच?"

मला कळेना, हा थट्टा करतोय की खरंच विसरलाय. मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरून बसलो. मग तो हसला. पण हसायला त्याला जरा वेळ लागला.