सिद्धाराम मापाड्याची दांडी

"साडेबाराच येतंय, शिवांजली. सोळा अन् नऊ पंचवीस, त्याचं निम्मं साडेबारा. उत्तरतालिकेत बी तेच हाय. उगं हरकत घेऊन काय करती?"

राजशेखर सरांचा आवाज फोनमधून सगळ्या ओसरीत घुमला. सर कळंबात स्पर्धा परीक्षेचा क्लास चालवायचे आणि त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी साडेबारावरच खूण केली होती. एकट्या शिवांजलीनं बारा निवडले होते.

खाटेवर सुपारी कातरत बसलेल्या तिच्या बापाचा, सिद्धारामचा अडकित्ता थांबला.

"कशाचं निम्मं करायलाय गं त्यो?"

शिवांजलीनं फोन ठेवला. लिपिकाच्या परीक्षेतल्या बुद्धिमत्ता चाचणीची पहिली तालिका सकाळीच आली होती. बरोबर उत्तराला दोन गुण, चुकलं तर अर्धा कापणार. तिनं तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा एकशे साडेएकोणचाळीस आले. यादी एकशे एक्केचाळीसच्या खाली येणार नाही, असं जो तो सांगत होता. तो एक प्रश्न बरोबर धरला गेला तर दोन मिळणार होते आणि कापलेला अर्धाही परत येणार होता. याआधी ती तीनदा अशीच काठावर बुडाली होती. पुढच्या महिन्यात वयाची अट संपत होती, म्हणजे पाचवी खेप नव्हतीच.

तिनं प्रश्न वाचून दाखवला. एका तराजूचा एक हात लांब, एक आखूड. रिकामा असताना तो समतोल राहतो. एकच पिशवी एका पारड्यात घातली तर सोळा किलो भरते, दुसऱ्यात घातली तर नऊ. खरं वजन किती? पर्याय बारा, साडेबारा, तेरा, चौदा.

"बारा," सिद्धाराम म्हणाला आणि पुन्हा सुपारी कातरायला लागला.

"आप्पा, तुमी कसं काढलं?"

"काढायचं काय त्यात? पासंग असला, म्हंजी नुसतं पारडं जड असलं, तर निम्मं चालतंय. दांडीच लहानमोठी असली तर खरं वजन निम्म्याच्या खाली येतंय. निम्म्याच्या खाली बाराच हाय की."

शिवांजली हसली. परीक्षेत तिनंही नेमकं हेच केलं होतं. लहानपणी बाजारात आप्पांचा डबा घेऊन गेल्यावर शंभरदा ऐकलेलं ते वाक्य तिला ऐनवेळी आठवलं होतं. पण "आमचे आप्पा म्हणतात" असं हरकतीच्या अर्जात लिहून भागत नाही. तिथं पुरावा जोडावा लागतो.

सिद्धारामनं छत्तीस वर्षं कळंबच्या धान्य बाजारात मापाडीपण केलं होतं. त्याच्या मापावर शेतकरी आणि आडत्या दोघंही गप बसायचे. मग इलेक्ट्रॉनिक काटे आले, आकडे आपोआप दिसायला लागले आणि सिद्धारामला कुणी काही विचारेनासं झालं. त्या काट्याचं नाव काढलं तरी तो तोंड फिरवायचा. आज किती वर्षांनी कुणीतरी त्याला वजनातलं काही विचारलं होतं. म्हातारा अडकित्ता टाकून उठलाच.

"पुरावा पायजे न्हवं? आण त्यो बांबू."

त्यानं बांबूला एका बाजूनं चार वीत आणि दुसऱ्या बाजूनं तीन वीत सोडून भोक पाडलं. दोन्ही टोकांना पत्र्याचे डबे टांगले. आखूड बाजूला खिळे बांधत बांधत दांडी सरळ केली. शिवांजलीची आई महानंदा दारात उभी राहून म्हणाली, "अवो, साठी बुद्धी नाठी म्हणत्यात ते काय खोटं न्हाय." पण तीच शेजारच्या दुकानात गेली आणि काट्यावर नेमकी बारा किलो ज्वारी भरून घेऊन आली. सिद्धारामनं काट्याचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं, पण ज्वारी परत पाठवली नाही.

ज्वारी लांब हाताला टांगली. समोरच्या डब्यात सिद्धारामची जुनी लोखंडी मापं चढत गेली, सोळा किलोला दांडी सरळ झाली. बाजू बदलली. नऊला पुन्हा सरळ. शिवांजलीनं दोन्हींचे फोटो काढले. शाळेच्या जुन्या विज्ञानाच्या पुस्तकातलं तरफेचं पान काढलं, भार गुणिले भारभुजा मांडलं आणि खाली सगळं गणित लिहिलं. सोळा गुणिले नऊ एकशे चव्वेचाळीस. बारा गुणिले बाराही तेवढेच.

"बघा!" ती ओरडली. तिचे डोळे भरून आले होते. "पुस्तक बी तुमचंच ऐकतंय, आप्पा."

हरकतीचा अर्ज पाठवला. अंतिम तालिका यायला बावीस दिवस लागले, आणि त्या बावीस दिवसांत महानंदानं सिद्धेश्वराला इतके नारळ कबूल केले की देवालाही जागा पुरू नये. तालिकेत त्या प्रश्नापुढं बारा छापून आलं. शिवांजलीचे एकशे बेचाळीस झाले. राजशेखर सर स्वतः पेढे घेऊन घरी आले. "काका, माझ्या सगळ्या पोरांचे अडीच-अडीच गुण गेले," म्हणाले, "पण ती दांडी एकदा क्लासात आणा की. मलाच शिकायचीय."

"आणू की," सिद्धाराम म्हणाला. "पण मागच्या बाकावर बसायचं न्हाय, सर."

निवड यादी आली ती शिवांजलीनं झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली. जागा एकतीस होत्या. ती नाव दाखवायला वाकली तसं सिद्धारामनं तिचा हात बाजूला सारला. त्याला स्वतः मोजायचं होतं. त्यानं चष्मा पुसला, पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि बाजारात घालायचा तोच आवाज काढला. मापाडी कधी एक म्हणत नाही.

"लाभ... दोन... तीन..."

गल्लीतली माणसं दारात जमली. मधे कुणी बोललं नाही, कारण माप चालू असताना बोलायचं नसतं. एकोणतिसाव्या नावावर बोट थांबलं. शेवटचा आकडा सिद्धाराम नेहमी दोनदा म्हणायचा, ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहू नये म्हणून.

"एकोणतीस," तो म्हणाला. मग लेकीकडं बघून, जरा सावकाश, "एकोणतीस."